आबांच्या होकाराची तपासणी

बंगळूर,
९ जून १९७८

प्रिय अक्का,

तुझं पत्र परवा मिळालं. तुझं आपलं म्हणायचं. सांगणारी तू, लिहिणारे आनंदराव मास्तर. आणि हे माझं पत्रही तुला तेच वाचून दाखवत असतील, शाळा सुटल्यावर, टपालाच्या पेटीशेजारच्या बाकावर, चष्मा कपाळावर सारून. शाळा आणि टपाल एकाच माणसाच्या हाती दिलं की गावाचं असं होतं. घराघरातलं सगळं त्याच्या हातून जातं आणि त्याच्याच तोंडून परत येतं. मास्तर, नमस्कार. सावकाश वाचा. अक्काला घाईचं वाचन कळत नाही आणि या पत्रात तिला नवे असे काही शब्द आहेत. ते आले की ती 'म्हंजी?' म्हणेल. थांबू नका, पुढचं वाक्य त्याचंच उत्तर असेल. मी तसंच लिहिलं आहे.

अक्का, तू विचारलंस ते मी विसरलेलो नाही. जत्रा उलटल्यावर आबांनी देवळाच्या ओट्यावर, गेनबाकाका आणि कोंडिबा पाटलांच्या देखत, तुझा पाट मास्तरांशी लावून, तुझं दुसरं लग्न करून द्यायला होकार दिला. सुपारी फुटली. गूळ वाटला. आणि दोन-तीन दिवसांनी तेच आबा म्हणाले की असं काही झालंच नाही. तू लिहितेस, 'तवा व्हय म्हनले, आता न्हाई म्हनत्यात. ज्ञानू, तू मेंदूचं शिकलाईस. यातलं आबाचं खरं बोलनं कंचं, ते तूच सांग. गेनबाकाका बी म्हनले, ज्ञानू सांगंल ते भावकीला मान्य.' म्हणजे मी हो म्हटलं की तू येत्या महिन्यात शाळेमागच्या त्या दोन खोल्यांत राहायला जाणार, आणि नाही म्हटलं की नाही. एवढी साधी गोष्ट आहे. उत्तर देतो. पण नुसतं उत्तर तुला पटणार नाही, म्हणून थोडं मागचं आणि थोडं माझ्या कामाचं आधी सांगतो.

तू मला वाढवलंस हे मला कुणी सांगायला नको. आई गेली तेव्हा मी रांगत होतो आणि तू नऊ-दहा वर्षांची. गुंजवणीच्या पाण्यातून तू मला पाठीवर बांधून पलीकडे न्यायचीस, ते मला आठवतं असं वाटतं. खरं तर तूच ते इतक्यांदा सांगितलंस की त्याची आठवण होऊन बसली. मला ताप आला की तू उशाशी असायचीस आणि आबा गुत्त्यावरून आले की त्यांच्या-माझ्या मध्ये. काठी तुला बसायची. मी चुलीमागे. तुझ्या डाव्या कोपराचं हाड तेव्हाचं वाकडं जुळलंय, भाकरी थापताना तो हात तू अंगाशी धरतेस. मी हे इथल्या लोकांनाही सांगतो की मला जे मिळालं ते या बहिणीमुळं. ऐकून इथले लोक फार हळवे होतात.

मी पहिलीत गेलो तेव्हाचं एक आठवतंय का? मी पडवीत पाटीवर गिरवत होतो. तू शेणाचे हात धुऊन शेजारी येऊन बसलीस आणि म्हणालीस, 'मला बी दाव की.' मी तुला ग, म, भ काढून दाखवले. तू ते कोळशानं जमिनीवर काढलेस, म चांगला आला होता. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा आलीस तेव्हा मी पाटी छातीशी धरली. म्हणालो, 'तुला कशाला? मी हाय की वाचाया.' तू हसलीस. तुला ते आवडलंच असावं, कारण पुढं कितीतरी वर्षं तू ओढ्यावर, गिरणीत, बाजारात सगळ्यांना सांगायचीस, 'माजा ज्ञानू हाय की वाचाया.' मग मी भोरला शिकायला गेलो आणि वाचायला मास्तर उरले.

भोरच्या बोर्डिंगात तू बाजाराच्या दिवशी यायचीस, कापूरव्होळला एसटी बदलून, डोक्यावर पाटी आणि पाटीत फडक्यात बांधलेल्या भाकरी. पोरं मला चिडवायची, 'ज्ञान्या, तुझी भाकरीची एसटी आली बघ. डायवर बी तीच, कंडक्टर बी तीच.' तू त्यांच्याबरोबर हसायचीस आणि त्यांनाही एकेक चतकोर द्यायचीस. राजवाड्याच्या भिंतीच्या सावलीत बसून माझं जेवण होईपर्यंत माझ्याकडे बघत राहायचीस. एकदा मी विचारलं, तू खाल्लंस का, तर म्हणालीस, 'तू जेवलास म्हंजी मी जेवले.' हे वाक्य मी हल्ली माझ्या व्याख्यानात वापरतो. कुठं, ते पुढं येईल.

तुझी पत्रं गेल्या दोन वर्षांत बदलली आहेत. तुझ्या ध्यानात आलं नसेल, कारण तुला ती दिसत नाहीत. आधी असायचं, गाय व्याली, आबा बरे आहेत, भाताला पाणी आहे, तू जिवाला जप. आता मधेच येतं, 'मला वाटतं.' मला वाटतं या साली पाऊस लांबेल. मला वाटतं मास्तरांना चहात साखर कमी लागते. अक्का, तीस वर्षांत मी तुझ्या तोंडून 'मला वाटतं' ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं मास्तरांनी आपल्या पदरचं घातलं. मग पुढच्या पत्रातही आलं. आणि या वेळी तर खाली वेडीवाकडी दोन अक्षरं आहेत, ठकू. ठ चं पोट उघडं राहिलंय आणि ऊकार ओळ सोडून खाली गेलाय. मी ती अक्षरं बराच वेळ पाहिली. चाळिशीला आलेल्या बाईला पाटीवर बसवण्याची हौस मास्तरांना आहे, हे मला ठाऊक नव्हतं. उगाच डोळे शिणवू नकोस.

आता आबा. भोरच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं की हातभट्टीनं यकृत दगडासारखं झालंय. तेव्हा आबांनी काय खायचं आणि काय नाही ते मीच तुला कळवलं होतं. मटण नाही, अंडं नाही, डाळ नावाला, भाताची पेज, ताक, आणि पोट रोज साफ झालं पाहिजे. तू ते कसोशीनं पाळलंस, माझी तक्रार नाही. आबा त्याबद्दल तुला काय बोलतात तेही तू कळवलं आहेस, आणि मास्तरांनी ते जसंच्या तसं लिहिलंय, त्यांचं मला कौतुक वाटलं. 'रांडं, दाल्ल्याला खाल्लंस, आता बापाला पेज पाजून मार. ठके, तुजं त्वांड बघून माज्या अन्नाला बी वास येतो.' सकाळ-संध्याकाळ हेच. तू त्यांचं अंग पुसतेस, त्यांचं धोतर धुतेस आणि हे ऐकतेस. आणि मग एका दिवशी ते तुला असं काही बोलले की तुला वाटलं, इतक्या वर्षांनी का होईना, बापाला आपण दिसलो.

मास्तर, पाणी प्या आणि इथून पुढं जरा हळू.

अक्का, माणसाच्या डोक्यात विचार करणाऱ्या बारक्या बारक्या पेशी असतात. पेशी म्हणजे अंगाचा अगदी लहान कण, मधाच्या पोळ्यात एकेक घर असतं तसा. विचार करणाऱ्या पेशीला चेतापेशी म्हणतात. एका चेतापेशीला दुसरीला काही सांगायचं असलं की ती आपल्या टोकाशी एका द्रव्याचा कणभर थेंब सोडते. त्या द्रव्याचं नाव ग्लुटामेट. थेंब पडला की पुढची पेशी जागी होते. पण तो तिथंच साचून राहिला तर ती जागीच राहते, ओरडत राहते आणि ओरडून ओरडून मरते. म्हणून थेंब लगेच उचलावा लागतो. ते काम दुसऱ्याच पेशी करतात. त्यांना आम्ही आधारपेशी म्हणतो. वर्षानुवर्षं शास्त्रज्ञांना वाटायचं, या नुसत्या भरीच्या, भिंतीतल्या दगडांमधला चिखल. त्या बोलत नाहीत, म्हणून त्यांना कुणी काही विचारलं नाही. आता दिसतंय की सांडलेलं ग्लुटामेट त्याच ओढून घेतात, पोटात त्याचं दुसरं द्रव्य करतात, ग्लुटामिन नावाचं, ज्यानं कुणी जागं होत नाही आणि कुणाला इजा होत नाही. आणि ते चेतापेशीला परत देतात. ती त्याचं पुन्हा ग्लुटामेट करते आणि पुन्हा बोलते. बोलायचं एकीनं, निस्तरायचं दुसरीनं. व्याख्यानात मी इथं तुझं ते जेवणाचं वाक्य सांगतो. लोकांना फार आवडतं.

हे कसं कळतं म्हणशील, तर उंदरांवरून. पांढरे लहान उंदीर असतात. अडकित्त्यासारखं एक यंत्र असतं, त्यात मान घालायची आणि पातं खाली ओढायचं. त्याला वेदना होत नाही असं आम्ही लिहितो. मेंदू काढून हातावर घेतला तर कोमट लागतो, चिंचोक्याहून थोडा मोठा. तू पुरण चाळणीतून काढतेस तसा तो नायलॉनच्या जाळीतून काढायचा, साखरेच्या घट्ट-पातळ पाकाच्या थरांवर ओतायचा आणि यंत्रात गरगर फिरवायचा. चेतापेशी तळाशी बसतात, आधारपेशी मधल्या थरावर तरंगत राहतात. मग त्यांना खूण केलेलं ग्लुटामेट द्यायचं आणि किती उचलतात ते बघायचं. पहिल्या दिवशी मला उलटी झाली होती. आता मी हे काम उरकून सरळ जेवायला जातो.

आता या सगळ्याचा आबांशी काय संबंध ते ऐक. मटण, अंडं, डाळ पोटात गेली की त्यातून एक विषारी वायू तयार होतो, अमोनिया. गोठा दोन दिवस झाडला नाही तर नाकाला झोंबतो तोच. चांगलं यकृत तो रक्तातून काढून टाकतं. आबांचं यकृत आता ते करत नाही. मग तो रक्तातून डोक्यात जातो. डोक्यात त्याला धरून ठेवणारी एकच जात आहे, आधारपेशी. ती आपल्याकडचं ग्लुटामेट त्याला जोडते आणि त्याचंही ग्लुटामिन करून टाकते. थोडं असेल तोवर निभतं. फार झालं की तिचं पोट ग्लुटामिननं भरून जातं, ती फुगते. मेलेल्या माणसाच्या मेंदूची चकती बारीक ते मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ठेवली की या पेशींचा गाभा मोठा, फिकट, आत काहीच नसल्यासारखा दिसतो. पेशी मेलेली नसते. मेली असती तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. ती आपल्या जागी गप्प असते आणि जमेल तेवढं उचलत राहते, पण पूर्वीसारखं नाही. आणि मग माणसाचा तोल जातो. दिवसा झोप येते, माणसं ओळखू येत नाहीत, रागीट माणूस गोड होतो आणि गोड माणूस शिव्या देतो. हात पुढं करून पंजे वर धरायला सांगितलं तर ते पाखराच्या पंखासारखे फडफडतात. त्या फडफडीवरून डॉक्टर ओळखतात की विष डोक्यापर्यंत पोहोचलंय.

जत्रेत काय झालं ते तुझ्याच पत्रात आहे. बोकड पडलं त्या दिवशी तू देवीला गेली होतीस, आणि गेनबाकाकांनी आबांना आपल्याकडे बोलावून पोटभर मटण वाढलं. वर म्हणाले, 'जत्रंचं मटान बाधत न्हाई. देवीचं असतं ते.' आपल्याकडं सगळ्यांचाच असा समज आहे, तू तरी त्यांना काय बोलणार. दुसऱ्या दिवशीही रस्सा झाला. तिसऱ्या दिवशी आबा देवळाच्या ओट्यावर बसून होते, सकाळची वेळ असून डुलक्या घेत. तू त्यांना घरी न्यायला गेलीस. मास्तर तिथं होतेच. आबांनी मान वर केली आणि मास्तरांना जवळ बोलावलं. पुढचं मी तुझ्या शब्दांत परत सांगतो, म्हणजे माझ्याकडून काही इकडं-तिकडं होणार नाही. 'मास्तर, हिला न्या. लई राबली वो. माज्या घरात हिला कुनी मानूस म्हनलं न्हाई. म्या बी न्हाई.' आणि मग, तू लिहितेस, 'आबानं माज्या डोस्क्यावरनं हात फिरीवला. लई येळ.' कोंडिबा पाटील म्हणाले, मग आता वेळ कशाला, आणि तिथंच सुपारी फोडली.

अक्का, आबांनी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही. त्यांचा हात फडफडत होता आणि तो तुझ्या डोक्यावर होता.

मास्तर, हे वाक्य तिला पुन्हा एकदा वाचून दाखवा.

आणि ते बोलणं. त्याचंही तेच. आधारपेशी फुगल्या होत्या, उचलायचं ते उचललं जात नव्हतं, डोक्यात सगळा गलका होता आणि त्या गलक्यातून तीन-चार वाक्यं बाहेर पडली. दारू प्यायलेल्या माणसाचा शब्द निदान त्याचा स्वतःचा तरी असतो. हा तेवढाही नव्हता. तुम्ही त्यांना भोरला नेलंत, डॉक्टरांनी औषध दिलं, पोट धुतलं, विष उतरलं, आणि आबा परत आले. परत आल्यावर पहिलं वाक्य काय बोलले तेही तू लिहिलंयस. 'म्या? म्या कवा व्हय म्हनलो? ह्या रांडंला मास्तराची खाज सुटली आसंल.' तू मला विचारतेस, यातलं खरं आबाचं बोलणं कोणतं. हे. अंगात विष नसताना आबा तुझ्याबद्दल जे बोलतात तेच आबांचं बोलणं. चाळीस वर्षं जे ऐकलंस ते खरं, आणि त्या एका सकाळी ऐकलंस ते गेनबाकाकांच्या बोकडाचं.

मास्तर, तुम्ही शिकलेले आहात, वाचता वाचता तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. मी इथं आमच्या सरांना ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनीही तोच विचारला. ते म्हणाले, हे कशावरून की विषानं माणूस खोटंच बोलतो? एरवी आवरून धरलेलं खरं त्या वेळी सुटलं नसेल कशावरून? मी म्हणालो, सांगता येत नाही. खरंच येत नाही. आधारपेशी किती ग्लुटामेट उचलते ते माझं यंत्र सांगतं, म्हातारा मनातून बोलला का ते कुठलंच यंत्र सांगत नाही. आबा त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले असतील, हे शक्य आहे. हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण भावकीनं विचारलं ते मला, तुम्हाला नाही. भावकी डॉक्टर ज्ञानदेवांचं ऐकणार, आणि डॉक्टर ज्ञानदेव सांगतात की तो होकार आजाराचा होता, सुपारी फुटली ती रद्द समजावी. हे पत्र गेनबाकाकांना आणि पाटलांनाही वाचून दाखवा. त्यांना वेगळं पाठवलेलं नाही. ते तरी दुसऱ्या कुणाकडून वाचून घेणार?

तू म्हणशील, आबा राहू देत, तूच तुझ्या मनानं हो म्हण. आजीनंही पाट लावला होता, आपल्यात त्याची लाज कधी नव्हती, हे तू लिहिलं आहेस आणि ते बरोबर आहे. मला लाजही नाही. आणि आबांचं कोण करणार, हाही प्रश्न तू माझ्यासाठी ठेवला नाहीस. मास्तरांनी कबूल केलंय की आबांना शाळेमागच्या खोलीत न्यायचं, त्यांची खाट खिडकीशी टाकायची, मास्तर त्यांना पेपर वाचून दाखवणार. सगळं ठरवलंय तुम्ही. खिडकीसुद्धा. मी ते वाचलं आणि दोन दिवस कामावर गेलो नाही. अक्का, मी ऑगस्टमध्ये परदेशी चाललोय, युरोपात उत्तरेकडच्या एका देशात, तीन वर्षांसाठी. तिथं आधारपेशींवर मोठं काम चालतं, मला बोलावलं आहे. तीन वर्षांनी मी येईन तेव्हा शिवऱ्याच्या पुढं आपल्या बाजूचे डोंगर दिसायला लागले की मला ठाऊक असायला हवं की गावात, मार्गासनीला, आपलं दार उघडं आहे आणि दारात तू आहेस. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या चहाला साखर कमी घालणारी तू मला भेटायला नकोस. मी पाहुणा म्हणून मास्तरांच्या बाकावर बसणार नाही. यात आबांचा प्रश्न नव्हताच, तुला एव्हाना कळलं असेल.

आता तुला वाटेल, नाहीच म्हणायचं होतं तर ज्ञानूनं एवढं लांबण का लावलं, एका कार्डावर दोन ओळी पुरल्या असत्या. पुरल्या असत्या. पण माझा नकार तू सोसला असतास, जसं बाकीचं सोसलंस, आणि सोसायला त्याच बाकावर जाऊन बसली असतीस. मास्तर चार शब्द बरे बोलले असते आणि माझा नकार आठ दिवसांत जुना झाला असता. म्हणून तो मी त्यांच्या तोंडी दिला. तुझा नवरा मुंबईला गोदीत वारला, त्याची तार आली तेव्हा मास्तर गावात नवे होते. मी तिथं उभा होतो. त्यांनी तार एकदा मनात वाचली, तुझ्याकडं पाहिलं, आणि मग लिहिलं होतं तसं वाचलं. एक शब्द मऊ केला नाही. तू विधवा झालीस ती त्यांच्या आवाजात. तेव्हाच मला कळलं की हा माणूस लिहिलेलं गाळत नाही. आजही त्यांनी गाळलं नसेल, तर बापानं तुला कधी जवळ केलंच नव्हतं हे तू त्यांच्याच तोंडून ऐकलंस, आणि यापुढं ते तुला काहीही म्हणाले तरी म्हणणारा आवाज तोच असेल. आणि गाळलं असेल, तर मास्तर, तुम्ही तिच्याशी पहिल्यांदा खोटं वागलात, आणि जन्मभर तिच्यासमोर बसून ते तुम्हाला एकट्यालाच माहीत असेल. काय झालं ते मला इथून कळणार नाही. कळायची गरजही नाही. अक्का, उत्तर पाठव. फार नको, तुझ्या मनात काय आहे तेवढंच सांग, आणि ते मास्तरांकडूनच लिहून घे.

तुझाच,
ज्ञानू